ते बोट

महापेला, खाणीनं कापलेल्या डोंगराखाली
एका बिनखिडक्यांच्या इमारतीत
माझ्या ताब्यात सहाशे टेबलं आहेत.
लाकूड नाही, खण नाही,
डुगडुगतं म्हणून पायाखाली घडी घातलेला कागद नाही.
सकाळी नागपुरात कुणी पासवर्ड टाकतं
की इथलं एक टेबल उठतं, त्याच्यापुढे जाऊन उभं राहतं.
संध्याकाळी तो माणूस जातो
आणि टेबल पुसलं जातं, पार मुळापासून,
जणू कुणी बसलंच नव्हतं.

सगळी एका साच्यातली.
साच्याला गोल्डन इमेज म्हणतात,
सोनं त्यात गुंजभर नाही.
निळी भिंत, कंपनीचं बोधचिन्ह,
आणि विमा-दाव्यांचं सॉफ्टवेअर, जे दुपारी तीनला रुसतं.

हेमांगी वैती रोज फोन करायच्या.
"दादा, माझा फोटो परत गेला."
राहणार दिवा कोळीवाडा, ऐरोली,
माझ्या खुर्चीपासून रिक्षानं वीस मिनिटं.
मी सांगायचो, मॅडम, हे टेबल आपलं नसतं,
दिवसापुरतं असतं.
"धर्मशाळेतपण खुंटी असते की हो," त्या म्हणाल्या,
"माणूस पिशवी तरी अडकवतो."

फोटो मी पाहिला होता, त्यांची स्क्रीन तपासताना:
वलांडीवर सुकत घातलेले बोंबील,
जबड्यात जबडा अडकवून जोडी जोडीनं,
मागे खाडी, धूसर पूल,
आणि डाव्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी, पुसट.

श्रावणातला शनिवार. महिन्याचे पॅच चढवायचे होते.
रात्री अडीचला साचा उघडला.
भिंत निळी होती आणि मला त्या निळ्याचा कंटाळा आला.
बस, एवढंच.
याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

सोमवारी नऊला
सगळ्या भिंतींवर बोंबील सुकत होते.
नागपुरात, इंदुरात, कोईमतूरच्या दोन्ही मजल्यांवर.
इंदूरच्या व्यवस्थापकांनी तक्रार नोंदवली,
ऐन श्रावणात, तातडीची, लाल रंगात.
कोईमतूरहून एका बाईंनी विचारलं, हे शिजवतात कसे?
रजेवर असलेलेही घरून आत आले, बघायला,
आणि बाहेर पडायचं नाव घेईनात.

माणसं सहाशे चाळीस. परवाने सहाशेच विकत घेतलेले.
त्यापुढच्या माणसाला आम्ही दारातच दाखवतो:
सर्व जागा भरलेल्या आहेत.
वैतीबाईंकडे त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं.
सहाशे एकाव्या त्या.

अकरा चाळीसला मी साचा मागे फिरवला.
भिंती निळ्या. जागा मोकळ्या.
'कारण' या रकान्यात लिहिलं: मानवी चूक.
'पुन्हा घडू नये म्हणून उपाय'
हा रकाना अजून रिकामा आहे.

बाराला फोन. "आले बाई एकदाची आत.
दादा, फोटो..."
मी सगळं सांगून टाकलं.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"कोईमतूर म्हणजे कुठं आलं?"
लांब, म्हटलं. तमिळनाडूत.
तिथल्या लोकांनी कोपऱ्यातली ती बोटसुद्धा पाहिली, तपकिरी.
"ती बोट नव्हे हो, ते बोट!
आमच्या पमीचं. फोटो तिनं काढला ना,
मध्ये आलं."
मग हसल्या, खोकला येईपर्यंत.
"कळव्याच्या पलीकडं गेली नाही पोर अजून."

आणि मग, कामाच्या आवाजात:
"त्या बाईंनी विचारलंय ना? घ्या लिहून.
आधी डोकी काढायची. मग गरम पाण्यात..."

मी नोटपॅड उघडलं.
मग आठवलं,
आणि कागद शोधू लागलो.