नथुभाईंचं आडनाव

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांचं आडनावच ख्रिश्चन.
नथानिएल ख्रिश्चन, बी-सात, निझामपुरा.
बडोद्यात असतात अशी आडनावं,
दूधवाल्यालाही नवल वाटत नाही.
नथानिएलचे नथुभाई कधी झालात, विचारलं तर म्हणाले,
पहिल्याच दिवशी, पाण्याच्या टाकीपाशी.
तुमच्या घरातूनच सुरुवात झाली.

अकरा वर्षं वही त्यांच्याकडे.
निळी शाई, सुट्ट्या तीन रुपयांचाही हिशोब.
कौतुक करताना आम्ही शेपूट जोडायचो:
ही माणसं प्रामाणिक असतात हो.
नथुभाई तेवढ्यात चष्मा पुसायला घ्यायचे.
मला वाटायचं, संकोच.

मग लिफ्टच्या फंडात अठरा हजार कमी निघाले.
पार्किंगमध्ये मीटिंग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
कुणाची तरी स्कूटर बाजूला ओढलेली.
नथुभाई उभे राहिले.
मी घेतले. जानेवारीत. परत ठेवणार होतो.
कारण सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर आम्हालाच सोपं गेलं असतं.

मागच्या खुर्चीवरून कुणी म्हणालं, ख्रिश्चन थईने?
त्याच्या शेजारचा म्हणाला, ख्रिश्चन ज ने!
एक म्हणत होता असं कसं, दुसरा म्हणत होता असंच,
आणि नथुभाई दोन्हीत कुठेच नव्हते.
मी गप्प होतो. चहा गार होत होता, तो प्यायलो.

रंगकामात अमीननी चाळीस खाल्ले
तेव्हा आपण काय म्हणालो होतो?
अमीन खातो. एवढंच.
त्यांच्या देवघरापर्यंत कुणी गेलं नाही.

आणि मी.
बँकेत असताना एलटीसीवर
चौघं कन्याकुमारीला जाऊन आलो, कागदावर.
प्रत्यक्षात नवसारीला, मावशीकडे, आंबे खायला.
ट्रॅव्हल एजंटने समुद्राचे दोन फोटोही दिले होते
बिलाला जोडायला.
ते पाप माझ्या एकट्याचं राहिलं,
कपाटात फाइलीखाली मावेल एवढं.
त्यावरून कुणी गीतेला जाब विचारला नाही.
इकडे आम्हा मराठी लोकांना भांडकुदळ म्हणतात
तेव्हा मला राग येतो, अगदी खरा येतो,
आणि पार्किंगमध्ये मात्र
मी किती जणांत बसलोय हे न मोजताही
मला ठाऊक असतं.

वही ताब्यात घ्यायला मीच गेलो.
रुथबेननी दार उघडलं, पाणी दिलं, नजर दिली नाही.
टीपॉयवर दोन रिकामे कप,
फत्तेगंजच्या चर्चमधले दोघे नुकतेच उठून गेलेले.
तेही तेच म्हणाले, नथुभाई हसले,
आपलं नाव घालवलंस म्हणाले.
तुमच्याकडे मी एकटा सगळ्यांचा,
त्यांच्याकडे सगळ्यांचा मी एकटा.
मग म्हणाले, पाटी पुसली तरी फडकं राहतंच, लिहा.

मी लिहिलं: सहा हप्ते, दरमहा तीन हजार.
त्यांनी वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं.
हो, मराठीतलं.
शेजारच्या आपटेबाईंकडे शिकलेत लहानपणी.

खाली सही केली: नथानिएल.
पेन थांबलं.
पूर्ण नाव लागतं, मी म्हणालो.
ऑडिटर परत पाठवेल म्हणालो.
हे मीच म्हणालो, दुसरं कुणी नाही.

त्यांनी लिहिलं.
निळ्या शाईत, एकेक अक्षर सुटं,
तीन रुपयांच्या हिशोबाइतकं स्वच्छ.

त्याखाली साक्षीदार म्हणून मी:
तासगावकर.
एका गावाचं नाव,
जिथे मी कधी गेलोही नाही,
आणि ज्याच्या वतीने
मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.