आधी तू पी

बाजरी माझी, दूध ताक्कोचं.
लोतांगच्या बाजारात पंधरा वर्षं
माझे वाफवलेले गोळे तिच्या तुंब्यात फुटायचे
आणि गिऱ्हाईक कधी विचारायचं नाही
यात शेतकऱ्याचं किती, गुराख्याचं किती.
फुरा म्हणतो आम्ही त्याला.
उन्हात, उभ्याउभ्या प्यायचा.

मग ती रात्र आली.
ती मी सांगत नाही.
माझ्या तोंडून सांगितली तर तिचे मेलेले सुटतात,
तिच्या तोंडून ऐकली तर माझा दावू सुटतो.
एवढंच, की सकाळी निवडुंगाच्या कुंपणाला
माझ्या भावाच्या सदऱ्याची बाही अडकली होती
आणि ताक्कोच्या वस्तीत एकही वासरू हंबरत नव्हतं.

त्यानंतर बाजार दोन झाले,
पुलाच्या अलीकडे एक, पलीकडे एक.
मी गोळे पाण्यात कालवून विकले.
लोक प्यायले. चवीचं कुणी काढलं नाही.
पलीकडे म्हणे बाया नासलेलं दूध ओढ्यात ओतत होत्या.

दुसऱ्या वर्षी, वाळवंटाची धूळ उतरल्यावर
ताक्को पूल ओलांडून आली.
एकटी. डोक्यावर तुंबा.
कुणीतरी पुटपुटलं : विष.
तिला आमची बोली येते,
शिव्या तर आमच्याहून चांगल्या येतात.
काही बोलली नाही.
पळी बुडवली, सगळ्यांदेखत प्यायली,
ओठ पुसले नाहीत.
पांढरी मिशी घेऊन उभी राहिली कितीतरी वेळ,
मरते का ते आम्हाला नीट बघू देत.

मेली नाही.
मी एक गोळा उचलला, अर्धा खाल्ला,
अर्धा तिच्या हातावर ठेवला.
तेव्हापासून रोज हेच.
आधी ती पिते, मग मी घेते.
आधी मी खाते, मग ती घेते.
दुधाने पोळलेली माणसं ताक फुंकून पितात,
आम्ही दूधच फुंकत होतो.

शहरातून शांतता समिती आली,
प्लास्टिकच्या खुर्च्या, भाषणं, छापील टोप्या.
माणसं चांगली होती. गेली.
माझ्या टोपीत आता कोंबडी अंडी घालते.
कामाला आला तो
साबणाच्या वेष्टनावर लिहून घेतलेला ताक्कोचा नंबर.

त्या रात्री चोजीची पोरं कोयते घासत होती,
बटाट्यात गुरं शिरली म्हणून.
पलीकडे येरोची पोरं काठ्या काढत होती,
गाय चोरली म्हणून.
मी फोन लावला. अकरा नायरा शिल्लक.
"ताक्को, गाय कशी होती?"
"तांबडी. एक शिंग मोडकं. ल्योप, लवकर कर."

कथलाच्या जुन्या खाणीत, पावसाने भरलेल्या खड्ड्याशी
कंदील घेऊन पोचलो आम्ही पाच म्हाताऱ्या,
तिघी इकडच्या, दोघी तिकडच्या.
गाय छातीपर्यंत चिखलात,
आणि आमच्याकडे अशी बघत होती
की जणू आम्हीच उशीर केला.
दोर ओढायला पोरंच लागली, दोन्हीकडची.
कोयते, काठ्या काठावर ठेवून ओढलं त्यांनी.
एकमेकांशी बोलले नाहीत, फक्त हं, हं.
पहाटे गाय वर आली
आणि एकाच्या पायावर शेणली.
हसू कुणाला आधी फुटलं ते मला अंधारात दिसलं नाही.

दावूला मी विसरलेले नाही.
ताक्कोच्या घरी मी अजून जात नाही,
तीही माझ्या उंबऱ्याबाहेरूनच हाक मारते.
तिचा थोरला कुठे पुरलाय
ते आमच्या गावात कुणाला तरी ठाऊक आहे.
ती विचारत नाही.
मी शोधतेय, हे मी तिला सांगितलेलं नाही.

काल बाजारात गर्दी होती.
तिने तुंबा टेकवला, मी गोळे कुस्करले,
माणसं प्यायली, सुट्ट्या पैशांवरून भांडली,
दुपारीच सगळं संपलं.
घरी हात धुताना ध्यानात आलं,
आज ती आधी प्यायली नव्हती.
मीही थांबले नव्हते.

ओले हात तसेच धरून उभी राहिले.
तिला हे सांगायचं नाही.
सांगितलं, तर उद्या तिला आठवेल.