विहिरीच्या डावीकडचं दार

सप्पोरोत, सहाव्या मजल्यावर,
माझं काम भिंतींवर डोकं आपटण्याचं.
माझं नव्हे, त्याचं. त्या कंदीलवाल्या पोराचं,
ज्याच्या नऊ खेळांपैकी सहा
मी असे ठेचकाळत, इंच इंच तपासले.
कुठे भिंतीतून हात आरपार जातो,
कुठे तो जमिनीखाली पडतच राहतो, पडतच राहतो
आणि खेळ त्याला मेला म्हणून मोजत नाही.
वहीत नोंद करायची. पुढे सरकायचं.

पहिल्या गावात, विहिरीच्या डावीकडे, एक दार आहे.
कुरामोचीसाननी ते काढलं तेव्हा
कार्ट्रिजमध्ये जागा उरली होती चिमूटभर.
उरल्या कणकेची पोरांसाठी चिमणी करावी
तसे त्यांनी आठ ठिपके चिकटवले.
मागे घर नाही. अंधारसुद्धा नाही,
अंधारालाही जागा लागते.

पुढच्या कन्सोलवर दाराला कडी आली.
त्याच्या पुढच्यावर जाडी,
म्हणजे समोरून जाडी; बाजूने पाहिलं तर कागद.
मग लाकडाच्या रेषा, रेषांवर ऊन,
आणि आठव्यात तर त्या कडीत कंदिलाचं प्रतिबिंब डुलायचं.
त्या प्रतिबिंबावर चार माणसं, अकरा महिने.
खोक्यावर दर वेळी छापलेलं : सर्वस्वी नवं.
दर वेळी मी जाऊन बटण दाबायचे.
टक्.
हा आवाज मात्र पहिल्या खेळातलाच.

नवव्याच्या वेळी हिसामात्सु आली, चोवीस वर्षांची.
म्हणाली, उघडू या की.
बराच वेळ नुसता हीटर घरघरला.
कुणी म्हणालं, चाहते काय म्हणतील?
कुणी म्हणालं, तीस वर्षं तेच तर विचारतायत, आत काय आहे.
कुरामोचीसान आता सल्लागार, महिन्यातून दोनदा येतात.
कपात बघत म्हणाले,
'मला आठवत नाही, मी ते बंद काढलं होतं
की नुसतंच काढलं होतं.'

उघडलं.
आत तिने एक खोली ठेवली :
शेगडी, दोरीवर ओले मोजे, आणि एक खिडकी.
खिडकीतून विहीर मागून दिसते.
इतकी वर्षं त्या विहिरीभोवती घुटमळले,
तिच्या पाठीवर शेवाळ असेल असं वाटलंच नव्हतं.
त्या रात्री मी वहीत काही लिहिलं नाही.

खेळ बाजारात आला. दहाव्या दिवसापासून पत्रं.
ओतारूचा एकजण, वय सेहेचाळीस, लिहितो :
त्या दारामागे माझं बरंच काही होतं.
तुम्ही तिथे मोजे वाळत घातलेत.

अशी चार हजार.
(बाकीच्यांची तक्रार : एवढ्यासाठी नवं यंत्र घ्यायला लावलंत?)

फेब्रुवारीत दुरुस्ती निघाली. दार पुन्हा बंद,
लाकूड तेच, ऊन तेच, टक् तेच.
दुरुस्ती तपासायला मीच.
संध्याकाळी, खाली रस्त्यावर बर्फ उपसण्याचं यंत्र फिरत असताना,
पोराला मी चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात रेटत राहिले,
कंदील खाली, खांदा तिरका,
एकेचाळिसाव्या धडकेला तो आत पडला.
शेगडी पेटलेलीच होती.
मोजे अजून ओले.

नोंद केली; पोटापाण्याचं काम आहे.
तीव्रता : किरकोळ.
सकाळी नोंदीसमोर हिसामात्सुचं अक्षर :
'पुढच्या कन्सोलवर बघू.'