एकशे चौदावा मासा

इसाफ्योर्दुरच्या शाळेत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
स्टेनवर पडद्यावर एकशे चौदा कॉड मांडते:
आडवं वय, उभी लांबी.
वय म्हणजे माशाच्या कानातल्या खड्यावरची वलयं,
भिंगाखाली मोजलेली, डोळे दुखेस्तोवर.

"ओढा एखादा ठिपका."
ओर्लिगुर माउसनं एक उचलतो, वर नेतो
आणि अख्खी रेघ त्याच्यामागे कलते,
सगळे एकाच काठाला जमले की होडी कलते तशी.
वर्गात हसू.
तो सोडतो. रेघ जागेवर.

मग तो खालचा, एकटा:
वय नऊ, लांबी जेमतेम दोन वीत.
शेजारी बटण: वगळा.
हाल्ला दाबते. आकडा सुधारतो,
रेघ अंग सैल सोडते.

"तो मी मोजलाय," ओर्लिगुर म्हणतो.
"उणे अकरा होतं. पट्टी बर्फानं माखलेली.
चुकलंही असेल माझं.
नाहीतर तो तसाच असेल. उपाशी."

थोडा वेळ स्टेनवर काहीच शिकवत नाही.
मग ठिपका परत येतो.
रेघ जराशी झुकते त्याच्याकडे,
पोचत नाही.

बाहेर कुणीतरी
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतंय.