उजवीकडचं स्टिअरिंग

आर्डिस टॉल्फसन आली त्या दिवशी शोरूममध्ये मी एकटाच होतो.
बाहेर उणे एकवीस. तिनं बूट झटकले, टोपी काढली नाही.
म्हणाली, या उभ्या आहेत त्यातली नको.
बनवून हवी.
स्टिअरिंग उजवीकडे.

आमच्या नॉर्थ डकोटात सगळे डावीकडे बसून गाडी हाकतात,
पण टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला
एका पायावर उभ्या असतात, बगळ्यांसारख्या.
सव्वीस वर्षं ती दोन सीटांच्या मधल्या फटीवर
उशी टाकून बसत आली.
डावा पाय पेडलपर्यंत ताणलेला, डावा हात चाकावर,
उजवा खिडकीबाहेर.
एकशे अठरा मैल, दोनशे चाळीस पेट्या, रोज.
कुणाचं वीजबिल, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण,
कुणाच्या वकिलाचं जाडजूड पाकीट,
तिनं कधी डावं-उजवं केलं नाही.
केलं ते तिच्या कमरेनं.

मी फॉर्म उघडला.
रंग?
बर्फात दिसेल असा.
लाल?
चालेल लाल.
सीट गरम होणारी?
हो. माझी एकटीची. शेजारी ट्रे असतो, त्याला थंडी वाजत नाही.
गालिचा?
रबर. चिखल धुता आला पाहिजे.
आवाजाला आठ स्पीकर मिळतील, म्हटलं.
मला कुत्र्यांची चाहूल लागली पाहिजे, म्हणाली.
सनरूफचं विचारायला तोंड उघडलं
आणि तिची नजर बघून मिटलं.

शेवटी आकडा सांगितला.
तिनं पर्समधून एक जुनं पाकीट काढलं,
पत्ता सापडला नाही असा शिक्का असलेलं.
मागच्या बाजूला पेन्सिलीनं सगळी बेरीज आधीच मांडलेली.
माझ्या आकड्यापेक्षा तिचा एकोणीस डॉलरांनी कमी.
दोघांनी पुन्हा मिळवून पाहिलं.
तिचा बरोबर होता.

मग वाट बघणं.
ऑर्डर स्वीकारली.
ऑर्डर रांगेत.
ऑर्डर रांगेत.
आमच्या दुकानाचं टपालही तीच आणायची,
दहा चाळीसला, घड्याळ लावून घ्यावं अशी.
गठ्ठा टेबलावर ठेवायची आणि विचारायची नाही काही,
फक्त माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघायची.
मी मान हलवायचो.
इतरांची बातमी पोचवणाऱ्या बाईला
रोज नाही म्हणताना कसंसंच व्हायचं मला.

एप्रिलमध्ये कारखान्याचा निरोप: लाल बंद.
करडा, पांढरा किंवा हिरवा.
हिरवा, ती म्हणाली.
पण मग उन्हाळ्यात दिसणार नाही गवतात.
उन्हाळ्यात कोण घसरून आदळतंय मला?

जूनमध्ये ट्रकवरून उतरली, सीटवर प्लास्टिकसकट.
लोवेलनं सवयीनं डावं दार उघडलं, आत बसला,
हात पुढे करून चाक शोधलं.
मेकॅनिकसुद्धा तसाच फसला.
मीही, खरं सांगायचं तर, आदल्या दिवशी विकताना पाठ करूनही.
आर्डिस थेट पलीकडे गेली.
बसली.
एवढ्या वर्षांत मी तिला सरळ बसलेली
पहिल्यांदा पाहत होतो.
आरशात आधी स्वतःला बघितलं तिनं, मग रस्ता.
उशी मागच्या सीटवर टाकली. फेकून नाही दिली.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या खिडकीशी घोटाळा झाला.
ती खिडकी डावीकडे. ती उजवीकडे.
मधे ट्रे, ट्रेमध्ये अख्खं गाव.
आर्डिसनं हात लांबवला, खिडकीतल्या ब्रिनानं लांबवला,
कप दोघींच्या मधे हवेत,
मागे चार गाड्या.
अर्धी कॉफी कुणाच्या तरी बियाण्याच्या कॅटलॉगवर.

आता ब्रिना दार उघडून बाहेर येते,
एप्रन तसाच, मानेवर डास,
गाडीला वळसा घालून उजव्या खिडकीत
कप देते.
आर्डिस पैसे शोधायला वाकते.
राहू दे, ब्रिना म्हणते,
दुपारी येणारच आहेस ना आमच्याकडे.