ठिगळं

जरा सरका पोरांनो, गुडघे दुखतात माझे.
शेवटची पिवळी बस गेली,
हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही.
तरी तुम्ही इथेच बसता, कारण आख्ख्या वाल्सारेनात
छप्पर असलेली आणि कुणाच्या मालकीची नसलेली
ही एकच जागा.
दुसरी आहे. तेच सांगायला आले.

ओढ्यापलीकडची लाकडी शेड,
वर झेंडा, खाली विटलेलं हिरवं दार.
तिथे चाळीस वर्षं मी होते,
बंदुकीच्या मागे नाही, समोर:
तीनशे मीटरवर, जमिनीखालच्या खंदकात,
एका हातात लांब काठी, दुसऱ्यात खळीचा डबा.
डोक्यावरून गोळी जायची चाबूक कडाडल्यासारखी.
मग फलक खाली ओढायचा, भोक शोधायचं,
काठीने दाखवायचं,
नखाएवढं कागदी ठिगळ लावून
पुन्हा वर सारायचं.

माणसं मी अशी ओळखली, भोकांवरून.
पाववाल्या दुरीची बायको गेली त्या वर्षी
त्याच्या सगळ्या गोळ्या डावीकडे, खाली.
बोलला कुणाशीच नाही.
संध्याकाळी मी जवाचं सूप नेऊन दिलं,
तेव्हाही नाही. वाडगा मात्र घासून परत केला.
क्लाविना मास्तरीण रागावली की गोळ्या उंच,
निकालाच्या आठवड्यात तर थेट टेकडीत.
आणि माझा भाऊ पिऊन आला त्या दिवशी
अध्यक्षांनी त्याला दारातूनच परत धाडलं.
मला खंदकात काय कळणार?
त्याचा कोरा फलक मी संध्याकाळपर्यंत वर धरला होता.

आता खंदकात कुणी नाही.
यंत्र आकडे दाखवतं, दशांशासकट.
त्या यंत्रासाठी आम्ही तीन हिवाळे अक्रोडाचे केक विकले.
गेल्या शनिवारी सहाजण होतो,
वयांची बेरीज चारशे एकोणचाळीस.
दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून केली.

फ्लुरिन, तुझी आई म्हणते,
पोराच्या हातात बंदूक कशाला?
बरोबर विचारते.
तिला पुरेल असं उत्तर माझ्याकडे नाही.
एवढंच सांग: पहिले दोन शनिवार गोळी मिळतच नाही.
कुलूप कुठलं, किल्ली कुणाकडे,
नळीचं तोंड कुठे, एवढंच शिकायचं.
काडतुसं मोजून देतात, टरफलं मोजून घेतात.
एक कमी भरलं तर अध्यक्षसुद्धा गवतात रांगतात,
कॉफी तोवर थांबते.
आणि म्हणावं, तूही ये. बाक रिकामाच असतो.

तू सारखा पाय हलवतेस, सेराइना.
लाजू नकोस, अशीच माणसं आम्हाला हवीत.
पोटावर निजायचं, गाल लाकडाला टेकवायचा,
श्वास अर्धा सोडायचा, उरलेला तिथेच ठेवायचा.
मग ऐकू येते ती स्वतःची नाडी.
काळा ठिपका तिच्याबरोबर वरखाली होतो,
आणि दोन ठोक्यांच्या मधे
एक रिकामी फट असते.
सतरा वर्षांत तुला ती कुणी दाखवलीय?

मारायचं काही नसतं तिथे.
पूर्वी कागद होता, आता तोही नाही.

नेम चुकेल. माझाही चुकला होता,
एकदाच झाडली मी, एकोणीसाव्या वर्षी,
आणि शेजारच्याच्या फलकावर दहा गुण लागले.
त्याने कबूल केले नाहीत, मीही मागितले नाहीत.
नंतर लग्न केलं त्याच्याशी.

नोंदवहीत शेवटचं नाव अकरा वर्षांपूर्वीचं आहे,
आपल्या रोमान्शमध्ये लिहिलेलं.
त्याखाली मी पेन्सिलीने रेघा आखून ठेवल्यात.
किती, ते सांगत नाही.

शनिवारी, दोन वाजता. कान झाकायला आम्ही देऊ.
कोटाच्या खिशात अजून ठिगळं सापडतात मला,
परवा एक मोज्याला चिकटलं होतं.

हात दे ग सेराइना, उठू दे मला.
गार आहे हात.
पकड चांगली आहे.