आवाज खंय गेलो

पेनड्राइव्ह कुरिअरनं आला, पुण्याहून,
सोबत बाकरवडीचं पुडकं आणि चिठ्ठी:
'तारीकाका, सहकुटुंब बघा.'
म्हणून सहकुटुंब बसलो.
आईला खुर्ची, दुर्वा जमिनीवर,
शेवंती कोळंबी सोलत, टीव्हीकडे अर्धी पाठ.

गेल्या मार्गशीर्षात देवबागला आलं होतं ते कुटुंब.
नवरा कॅमेरा धरायचा, बायको वहीत बघून बोलायची,
दोन मुलगे, नाकांना पांढरं मलम,
त्यांना फक्त आश्चर्य वाटून घ्यायचं होतं.
धाकट्याला तीनदा वाटावं लागलं.
तिसऱ्यांदा जमलं.

टीव्हीत आमचं पाणी आमच्यापेक्षा निळं.
कर्लीचं मुख, बेटाची वाळू,
लांब निवतीचा दिवा, मिठाच्या खड्याएवढा.
मग बासरी.
मग ती करडी, ओली पाठ वर आली
आणि बाई म्हणाली,
'बघा, डॉल्फिन हसून आपलं स्वागत करतायत.'

आई म्हणाली, 'गादो हसता काय रे?'
त्याचं तोंडच तसं असतं, आई.
'मगे माझ्या तोंडाचा काय,' म्हणाली,
आणि कवळी काढून वाटीत ठेवली.

माझे वडील गादा दिसला की शिव्या घालायचे.
बोयींची जाळी फाडायचा तो, रात्रभराची मेहनत खायचा.
पण त्याच्या मागे कधी गेले नाहीत.
'तेचा पॉट, आमचा पॉट,' एवढंच.
मी शिवी देत नाही.
माझ्या होडीवर त्याचं चित्र आहे, उडी मारणारं,
वेंगुर्ल्याच्या पेंटरनं पापण्यासुद्धा काढल्यात.
खाली माझा मोबाइल नंबर.

नवव्या मिनिटाला दुर्वा ओरडली, 'बाबा, तुझो हात!'
खरंच. इंजिनाच्या दांड्यावर माझा हात,
चेहरा नाही,
तांब्याची अंगठी, अंगठ्याचं तुटकं नख.
चांगला दिसत होता. कामसू.
सगळे हसलो.
मग ती गप्प झाली.
होती ती त्या दिवशी, पुढच्या फळीवर, शाळा बुडवून.
'इंजिनाचो आवाज खंय गेलो?'

काढला, म्हटलं. सिनेमात काढतात.
'आणि बाकीच्यो होड्यो?'

पाच होत्या. आम्ही कोंडाळं केलं होतं.

'आणि ता पिल्लू?'

पिल्लू कोंडाळ्याच्या आत, आई बाहेर.
ती श्वासाला वर यायची
तिथं तिथं कुणाचं तरी इंजिन.
नवऱ्यानं पाचशेची नोट वर धरली होती,
अजून जवळ, काका, अजून थोडं,
नोट वाऱ्यात फडफडत होती,
मी अजून थोडं घेतलं.
मिळाली असतील एकमेकांना.
बहुतेक मिळाली असतील.

शेवंतीनं काहीच विचारलं नाही.
तिला ठाऊक आहे, त्या पाचशेत
दुर्वाच्या चष्म्याची एक काच आली.

शेवटी नावं. आभार.
आणि अगदी तळाला बारीक ओळ, दुर्वानं मोठ्यानं वाचली:
'या चित्रीकरणात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही.'
मग तिनं रिमोट घेतला, नवव्या मिनिटावर गेली,
आणि टीव्हीला कान लावून बसली.

आज सकाळी आठजण होते, इचलकरंजीचे.
संगमाबाहेर जाऊन इंजिन बंद केलं.
'बिघडलं का ओ?'
नाही. थांबायचं.
पाणी फळीला चाटत राहिलं.
एका आजोबांना मळमळलं.
एकानं विचारलं, नाही दिसले तर अर्धे पैसे परत काय?
मी आकाशाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.
सात मिनिटं.
मग सुजल कुबलच्या होडीवरून शिट्टी आली
आणि माझ्या होडीतली सगळी बोटं उत्तरेकडे झाली,
तो बघा, तो बघा, चला की!

मी हाताकडे बघत होतो.
नख आता वाढलंय.
तो आधीच
दोरीच्या मुठीवर होता.